आठ वेळा पिसलेला कॅट

टेबलाभोवती बसून, अगदी जवळून दाखवायच्या जादूत एक प्रयोग आहे. त्यात पान गायब होत नाही, बाहीतून काही निघत नाही, कुणी मनात धरलेले पानही ओळखायचे नसते. जादूगार नवा कोरा कॅट उघडतो आणि पाने पसरून दाखवतो. चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत क्रमाने लागलेले असतात. मग तो कॅट मधोमध काटतो आणि पिसतो. पुन्हा काटतो, पुन्हा पिसतो. असे आठ वेळा. शेवटी पाने पुन्हा पसरतो, तर पहिल्या पानापासून बावन्नाव्या पानापर्यंत सुरुवातीचाच क्रम समोर येतो.

यात खोटे पिसणे कुठेही नाही. आठही वेळा पाने खरोखर एकमेकांत मिसळलेली असतात. चौथ्या वेळेनंतर कॅट उघडला तर इस्पिक, बदाम, किलवर, चौकट सगळे एकमेकांत विखुरलेले दिसतात. तरीही पुढच्या चार वेळांत प्रत्येक पान आपापल्या घरी परत येते. या पिसण्याला जादूगार फेरो शफल म्हणतात, आणि हातचलाखीच्या अवघड प्रकारांत त्याची गणना होते.

हा प्रयोग पाहून लोक टाळ्या वाजवतात, पण त्यामागचा आकडा कळला तर ते आधी थक्क होतील आणि मग टाळ्या वाजवतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो: विश्वाचे सगळे वय खर्ची घालूनही योगायोगाला जे जमणार नाही, ते माणसाच्या दोन हातांना सरावाने जमते.

विष्णूचे चार हात, शंभूचे दहा

बावन्न पाने एकूण किती क्रमांनी लावता येतील? या जातीचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंख, चक्र, गदा आणि पद्म विष्णूच्या चार हातांत आलटून-पालटून दिले, तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असे त्यात विचारले आहे. पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले तीन, मग दोन, मग एक. त्यांचा गुणाकार २४. पुढे शंभूच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचाही हिशेब आहे. त्याचे उत्तर ३६,२८,८००. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. ज्या गणितावर हा लेख उभा आहे, ते आजच्या जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते.

चार हातांचे दहा झाले आणि २४चे छत्तीस लाख झाले. आता पत्त्यांकडे येऊ. कॅटमधली फक्त बदामाची तेरा पाने घ्या. त्यांचे क्रम होतात ६२२ कोटी ७० लाख २० हजार ८००. दर सेकंदाला एक नवा क्रम लावत, न झोपता, न जेवता बसले, तरी सगळे क्रम संपायला १९७ वर्षे लागतील. त्यात चौदावे पान घातले की २,७६२ वर्षे. पंधरावे घातले की ४१ हजार वर्षांच्या वर. वाढले एकच पान, पण काळ पंधरा पटींनी वाढला.

‘लीलावती’त संख्यांची नावे एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाऊन परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. पत्त्यांची एकोणीस पाने घेतली की त्यांच्या क्रमांची संख्या परार्धाच्या पुढे जाते. वीस पाने घेतली तर विश्वाचे वयही अपुरे पडते. विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांचे आहे. त्या पहिल्या क्षणापासून आजपर्यंत दर सेकंदाला वीस पानांचा एक नवा क्रम लावला असता, तरी काम संपायला विश्वाच्या वयाच्या साडेपाच पट वेळ लागला असता. आणि अजून बत्तीस पाने टेबलावरच पडून आहेत.

अडुसष्ट आकडी संख्या

पूर्ण कॅटच्या क्रमांची संख्या अशी आहे:

८० ६५८ १७५ १७० ९४३ ८७८ ५७१ ६६० ६३६ ८५६ ४०३ ७६६ ९७५ २८९ ५०५ ४४० ८८३ २७७ ८२४ ००० ००० ००० ०००

अडुसष्ट आकडे. सोयीसाठी ८ वर ६७ शून्ये म्हणू. डोळे ती वाचतात, पण मनाला तिचा अंदाज येत नाही. म्हणून एक हिशेब करू.

पृथ्वीवर आज सुमारे ८०० कोटी माणसे आहेत. विश्वाच्या जन्मापासून ही सगळी माणसे हातात एकेक कॅट घेऊन बसली आहेत आणि प्रत्येक जण दर सेकंदाला एकदा नीट पिसतो आहे, असे धरा. आजवर पिसून झालेल्या क्रमांची संख्या होईल साधारण ३५ वर २६ शून्ये. ही संख्या प्रचंड आहे, पण अडुसष्ट आकड्यांपुढे तिची काहीच गणती नाही. इतक्या साऱ्या क्रमांमध्ये कोणतेही दोन एकसारखे निघण्याची शक्यता किती? सुमारे तेरा लाख कोटींत एक. म्हणजे ८०० कोटी माणसांनी विश्वाच्या आयुष्यभर पिसूनही एकाचा क्रम दुसऱ्याशी जुळला नसता, असे निर्धास्तपणे म्हणता येते.

आता माणसे सोडा. आपली अख्खी पृथ्वी सुमारे १३३ वर ४८ शून्ये इतक्या अणूंची आहे. डोंगर, समुद्र, जमिनीखालचा लोखंडाचा गाभा, सगळे त्यात आले. यातला प्रत्येक अणू पिसायला बसला, विश्वाच्या पहिल्या सेकंदापासून बसला आणि कोणताही क्रम दुसऱ्यांदा न लावता दर सेकंदाला एक नवा क्रम लावत राहिला. आज काम कुठवर आले असते? जेमतेम पाऊण झाले असते. पाव भागाहून अधिक क्रम अजून लावायचे राहिले असते. शंभराहून कमी ग्रॅम वजनाच्या, खिशात मावणाऱ्या एका कॅटमध्ये एवढे सामावलेले आहे.

आपल्या सावंतवाडीत आजही हाताने रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा १२० पानांची असते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने. तिच्या क्रमांची संख्या १९९ आकडी होते. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या मोजायला साधारण ८१ आकडे पुरतात. कोकणातल्या चिताऱ्याने रंगवलेल्या एका डब्यात विश्वातल्या अणूंपेक्षा कितीतरी जास्त शक्यता बसलेल्या असतात.

किती वेळा पिसले की खरे पिसले?

आतापर्यंतच्या हिशेबात ‘नीट पिसणे’ गृहीत धरले होते. पण घरी मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना आपण जे पिसतो, ते नीट असते का?

या प्रश्नाचे उत्तर ज्याने दिले तो माणूस आधी जादूगार होता. पर्सी डायकोनिस. जन्म १९४५, न्यूयॉर्क. चौदाव्या वर्षी शाळा आणि घर सोडून तो डाय व्हर्नन या थोर पत्तेजादूगाराबरोबर गावोगाव फिरू लागला. पत्त्यांच्या डावातली लबाडी समजून घेता घेता त्याला शक्यतेच्या गणिताची ओढ लागली. मग तो पुन्हा शिकायला लागला, १९७४ साली हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. डेव्ह बायर यांच्याबरोबर त्याने १९९२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यांनी कडा सोडत पाने एकमेकांत मिसळण्याला रिफल शफल म्हणतात. अशा पिसण्याच्या किती फेऱ्यांनी कॅट खरोखर विस्कटतो, याचा काटेकोर हिशेब त्यात आहे.

त्यांचे माप असे होते: एक म्हणजे जुना क्रम ठळकपणे शिल्लक आहे, शून्य म्हणजे त्याची खूणही उरलेली नाही. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत हे माप एकच्या जवळपास जागचे हलत नाही. पाचव्या फेरीनंतर ते ०.९२ होते, सहाव्यानंतर ०.६१, सातव्यानंतर ०.३३. पुढे प्रत्येक फेरीला ते साधारण निम्मे होत जाते आणि दहाव्या फेरीला ०.०४वर येते. सात फेऱ्यांचा जो नियम जगभर सांगितला जातो, तो इथून आला. आपण घरी पाने हातात धरून, थोडी थोडी वरून खाली सोडत पिसतो, त्या पद्धतीने तेवढेच विस्कटायला सुमारे दहा हजार फेऱ्या लागतात.

असे का होते? एका रिफलमधून निघू शकणाऱ्या वेगवेगळ्या क्रमांची संख्या ४,५०,३५,९९,६२,७३,७०,४४४ आहे. पंचेचाळीस कोटी कोटी. पण अडुसष्ट आकडी संख्येच्या तुलनेत हा ठिपकाही नाही. शिवाय प्रत्येक रिफल जुन्या क्रमाच्या साखळ्या, म्हणजे आपसांतला मूळ क्रम टिकवून असलेल्या पानांच्या रांगा, फक्त दुप्पट करतो: एका फेरीनंतर जास्तीत जास्त दोन साखळ्या, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. कॅट पूर्ण उलटा व्हायला बावन्न साखळ्या लागतात. म्हणून पाच फेऱ्यांत उलटा क्रम येणे अशक्यच आहे. सहावी फेरी हवीच.

जादूगारांना हे गणित मांडले जाण्याच्या कितीतरी आधी कळलेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात कोंबड्या पाळणारे चार्ल्स जॉर्डन या आठ साखळ्यांवर प्रयोग रचत. समोरच्याने कॅट तीन वेळा पिसायचा, एक पान पाहून दुसरीकडे खोचायचे आणि कॅट परत द्यायचा. तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ साखळ्या होतात. खोचलेले पान त्यांपैकी कशातच बसत नाही, एकटेच उरते. प्रेक्षकाला वाटते की आपण स्वतःच्या हाताने सगळे मिसळून टाकले. प्रत्यक्षात जुना क्रम जवळजवळ सगळा शिल्लक असतो.

प्रत्येक पानाची वाट

आता फेरो शफल. साध्या रिफलमध्ये कधी एक पान पडते, कधी तीन. फेरोमध्ये कॅट बरोबर २६-२६ असा दुभंगायचा आणि दोन्ही भागांतली पाने एकाआड एक बसवायची, दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी. मूळचे वरचे पान वरच राहिले तर तो आउट फेरो. ते दुसऱ्या जागी गेले तर इन फेरो.

आठ आउट फेरोंनी कॅट परत का येतो, हे शाळेतल्या गणिताने कळते. वरच्या पानाची जागा शून्य धरा आणि खालच्या पानाची एक्कावन्न. प्रत्येक आउट फेरोमध्ये पानाची जागा दुप्पट होते, आणि एक्कावन्नच्या पुढे गेली तर त्यातून एक्कावन्न वजा होतात. एक क्रमांकाच्या जागेवरचे पान दोनवर जाते, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. बत्तीसची दुप्पट चौसष्ट, त्यातून एक्कावन्न वजा केले की तेरा. मग सव्वीस. सव्वीसची दुप्पट बावन्न, वजा एक्कावन्न, म्हणजे पुन्हा एक. आठ फेऱ्या पूर्ण. आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट, आणि २५६ला ५१ने भागले की बाकी एक उरते. त्यामुळे बावन्नही पानांची वाट आठव्या फेरीला घरी परतते.

या हिशेबात थोडा बदल केला की काय होते पाहा. कॅटमध्ये दोन जोकर राहू दिले, म्हणजे पाने ५४ झाली, तर कॅट परत यायला आठऐवजी बावन्न फेऱ्या लागतात. दोन पानांनी मेहनत साडेसहा पट वाढते. उलट ६४ पाने असती तर सहाच फेऱ्या पुरल्या असत्या. आणि बावन्न पानांवर आउटऐवजी फक्त इन फेरो केले तर सव्वीस फेऱ्यांनी कॅट बरोबर उलटा होतो आणि बावन्न फेऱ्यांनी पुन्हा सुलटा.

संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे ब्रिटिश जादूगार अ‍ॅलेक्स एल्मस्ली यांना १९५०च्या दशकात यातली आणखी एक सुंदर गोष्ट सापडली. बदामाची राणी वर आहे आणि तिला चौदाव्या जागी न्यायचे आहे, असे समजा. म्हणजे तिच्यावर तेरा पाने यायला हवीत. तेरा ही संख्या द्विमान पद्धतीत लिहा: ११०१. एक म्हणजे इन, शून्य म्हणजे आउट. इन, इन, आउट, इन. राणी पहिल्या जागेवरून दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि मग चौदाव्या जागेवर येते. कॅटमधल्या कोणत्याही जागेवर पोचायला सहापेक्षा जास्त फेऱ्या लागत नाहीत. संगणक ज्या भाषेत हिशेब करतो, तीच भाषा जादूगार बोटांनी बोलतो.

तीन दशांश मिलीमीटर

कागदावर हे सोपे वाटते. आता हातात काय घडावे लागते ते पाहू.

पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलीमीटर असते आणि पूर्ण कॅट पंधरा-सोळा मिलीमीटरचा. मधोमध काटताना दोन्ही भाग आठ-आठ मिलीमीटरचे हवेत आणि चुकीला ०.३ मिलीमीटरचीही सवलत नाही. २७ आणि २५ झाले की पुढचे सगळे गणित कोसळते. म्हणून फेरोचा पहिला धडा पिसण्याचा नसतो, काटण्याचा असतो. डोळे आणि बोटांची पेरे मिळून सव्वीस पानांची उंची ओळखायला शिकतात. सुरुवातीला पाने मोजून खात्री करावी लागते. हळूहळू मोजणे सुटते.

दुसरा धडा कडांचा. दोन्ही भाग टेबलावर ठोकून चौरस करायचे आणि लहान बाजू समोरासमोर आणायच्या. एका कोपऱ्यावर अगदी हलका दाब द्यायचा. पहिले पान योग्य फटीत बसले की उरलेली पाने मागोमाग आपोआप गुंफत जातात. जोर लावला की पाने दोन-दोन, तीन-तीन अशी चिकटून सरकतात. कारखान्यात पाने मोठ्या ठशाने कापली जातात, त्यामुळे त्यांच्या कडेला सूक्ष्म उतार असतो. म्हणून एखादा कॅट वरून खाली सहज गुंफतो आणि खालून वर अडखळतो. शिकणाऱ्याने आपल्या कॅटची ही बाजू आधी ओळखावी. नाहीतर कॅटचा दोष तो आपल्या हाताच्या माथी मारत बसतो.

तिसरा धडा तपासणीचा. आउट फेरोमध्ये वरचे आणि खालचे पान कधीच हलत नाहीत. वरून अठरावे आणि पस्तिसावे पान दर फेरीला एकमेकांची जागा घेतात. अठराव्या जागी बदामाचा राजा आणि पस्तिसाव्या जागी बदामाची राणी ठेवून पिसा. एका फेरीनंतर दोघांची अदलाबदल झाली नसेल, तर कुठेतरी पान चुकले हे नक्की. ही तपासणी गणितानेच फुकट दिली आहे.

आता सरावाचा आकडा. एका फेरोमध्ये शेजारी येणाऱ्या पानांच्या ५१ जोड्या अचूक बसाव्या लागतात. आठ फेऱ्यांत ४०८. यातली एकही चुकून चालत नाही. प्रत्येक जोडी बसण्याची खात्री शंभरात ९९ असेल, तर पूर्ण प्रयोग यशस्वी होण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षाही कमी. ९९ टक्के अचूक हात इतर कोणत्याही कामात उत्तम मानला जाईल. इथे तो साठ वेळांत एकदा जिंकतो. अचूकता हजारात ९९९ झाली की यशाची शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. शंभरात एक चूक आणि हजारात एक चूक यांच्यातले अंतर पार करणे, हाच शिकणाऱ्याचा खरा प्रवास असतो. सुरुवातीला काहीच जमत नाही आणि मग एकदम जमू लागते, असे शिकणारे सांगतात त्याचे कारण या आकड्यांत आहे.

योगायोग आणि सराव

आता सुरुवातीच्या दाव्याकडे येतो.

साध्या पिसण्यात, निव्वळ नशिबाने, एकदा अचूक आउट फेरो घडण्याची शक्यता किती? बायर आणि डायकोनिस यांच्या हिशेबाच्या चौकटीत ती पंचेचाळीस कोटी कोटींत एक आहे. आठ वेळा सलग घडण्याची? १७ वर १२४ शून्ये, इतक्यांत एक. हा आकडा विश्वातल्या अणूंच्या संख्येहून अफाट मोठा आहे. आपण ज्या अडुसष्ट आकडी संख्येपाशी थबकलो होतो, तीही त्याच्यापुढे लहान पडते. पृथ्वीतला प्रत्येक अणू विश्वाच्या आयुष्यभर आठ-आठ वेळा पिसत बसला असता, तरी हे एकदा घडण्याची आशा कुणी धरू नये.

तरीही ते घडते. सराव केलेला जादूगार ते रोज करतो. तो विश्वाचा नियम मोडत नाही, नशीबही त्याच्यावर खूश नसते. त्याने एकच गोष्ट केलेली असते: प्रत्येक फेरीत कोट्यवधी वाटा फुटतात, त्यांतली कोणती घ्यायची हे त्याने आपल्या बोटांना शिकवलेले असते. योगायोग प्रत्येक वळणावर नाणे उडवतो. शिकलेला हात नाणे उडवतच नाही. आकड्यांची सगळी दहशत या एका फरकापुढे विरते.

प्रेक्षकाच्या मनातही हेच घडते. प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी म्हणत असे, की एखादा प्रयोग तीनदा पाहिला की तो कसा केला हे मी सांगू शकतो. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन यांनी त्याला एक प्रयोग दाखवला. हुडिनीने सही केलेले पान वरून दुसऱ्या जागी ठेवायचे आणि ते पुन्हा सगळ्यांत वर येताना दिसायचे. व्हर्नन ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिले आणि हुडिनीला उत्तर देता आले नाही. बावन्न पानांतले एक ठरावीक पान सलग सात वेळा नशिबाने वर येण्याची शक्यता एक लाख कोटींत एकाहूनही कमी. हे योगायोगाने होत नाही, एवढे हुडिनीला पुरते ठाऊक होते. पण हात इतका स्वच्छ चालत होता, की दुसरे कारण त्याला दिसेना. व्हर्नन यांनी लहानपणी १९०२ सालचे अर्डनेस यांचे पत्त्यांवरचे पुस्तक अभ्यासले होते आणि ९८व्या वर्षी निधन होईपर्यंत पत्ते त्यांच्या आयुष्यातून सुटले नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे कौशल्य पैशाच्या डावात नेले की ती फसवणूक ठरते, आणि ज्यांच्याकडे असे हात असतात त्यांनी ही रेघ आधी ओढून घ्यावी. जादूच्या टेबलावर समोरच्याला माहीत असते की आपल्याला चकवले जाणार आहे, आणि तो आनंदाने होकार देतो. त्या होकाराशिवाय हातचलाखीला मान नाही.

शिकायचे असेल तर चांगला कागदी कॅट घ्या आणि दोन्ही जोकर बाजूला काढून ठेवा. बावन्न पानांनी सुरुवात करू नका. आधी सोळा पाने घ्या. चार आउट फेरोंनी ती जागेवर येतात. मग बत्तीस घ्या. त्यांना पाच लागतात. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना दुप्पट करत जाण्याचा हिशेब कागदावर करू द्या आणि मग तो त्यांच्याच हातांनी तपासू द्या. गुणाकार, बाकी आणि शक्यता यांचा इतका हाताशी असलेला धडा दुसरा मला माहीत नाही. सोळा पाने पहिल्यांदा घरी परतली, की बावन्नपर्यंत पोचायला तुम्हाला फक्त सराव लागेल.